सेगुला आणि ताईत

‘गळ्यातला ताईत’ हा वाक्प्रचार बिदर-कलबुर्गीकडील मराठी घरांत आजही वापरला जातो. लाडक्या नातवाला आपण तो सहज बहाल करतो. ताईत हा शब्द मूळचा अरबी ‘तअवीज’, म्हणजे आश्रय मागणे. मंत्राक्षरांच्या डबीला तो चिकटला आणि पुढे मराठीने त्यातून प्रेमाचे माणूस घडविले. हिब्रू भाषेतील ‘सेगुला’ या शब्दाचा प्रवास नेमका उलट झाला. तो समजून घेणे अगत्याचे आहे, कारण आपली सुशिक्षित घरेही त्याच उलट वाटेला लागली आहेत असे आमचे स्पष्ट मत आहे.

आज ज्यूंच्या बोलण्यात सेगुला म्हणजे तोडगा. संतती, विवाह, प्रकृती यांसाठी करावयाचा उपाय. बेथलेहेमजवळील राहेलच्या समाधीला गुंडाळून मग मनगटावर बांधावयाचा तांबडा दोरा हा त्याचा प्रसिद्ध नमुना. बायबलमधील मूळ अर्थ मात्र वेगळा आहे. ‘निर्गम’च्या 19व्या अध्यायात ईश्वर इस्राएल लोकांना आपला सेगुला, म्हणजे जपून ठेवलेले खास धन म्हणतो, ‘उपदेशक’ ग्रंथात तोच शब्द राजांच्या खजिन्यासाठी येतो. प्राचीन अक्कादी भाषेतील ‘सिकिल्तु’, म्हणजे स्वतःसाठी साठविलेली मिळकत, हा त्याचा सगोत्र शब्द. आपल्या जुन्या मंडळींना याची फोड करून सांगावयास नको. निजामाच्या राज्यात दिवाणी मुलूख निराळा आणि खुद्द निजामाचे सर्फेखास निराळे. 1949 साली ते दिवाणीत विलीन झाले. सेगुला म्हणजे देवाचे सर्फेखास! परंतु त्या वचनाला अट आहे : माझा करार पाळाल तर.

मग धनाचा तोडगा कसा झाला? ज्या गुणाचे कारण सांगता येत नाही, त्याला अरबी वैद्यकात ‘खासियत’ म्हणत. मध्ययुगीन हिब्रू लेखकांनी त्यासाठी सेगुला हा शब्द योजिला. अमुक खड्याची सेगुला, अमुक मुळीची सेगुला. पुढे गुणाचा उपाय झाला, आणि अट गळून पडली ती कायमची.

याविरुद्ध बाहेरच्या कोणी नव्हे, ज्यूंच्याच श्रेष्ठ धर्मशास्त्रज्ञाने आवाज उठविला. मैमोनिडीज, अरबीत मूसा बिन मैमून, हा बाराव्या शतकातील पंडित इजिप्तमध्ये वैद्यकी करीत असे. ज्यूंच्या दाराच्या चौकटीवर धर्मवचनांचे चर्मपत्र असते, त्याला मेझुझा म्हणतात. कोकणातील मराठी बोलणाऱ्या बेने इस्राएल घरांच्या दारांवरही तो असे. या चर्मपत्रात देवदूतांची नावे घुसडून त्याचा ताईत करणाऱ्यांना परलोकात वाटा नाही, असे मैमोनिडीजने बजावले. ईश्वरावरील प्रेमाची आज्ञा या लोकांनी स्वतःच्या फायद्याचे साधन केली, हा त्याचा आक्षेप होता.

आता आपल्याकडे पाहू. आमच्याच कुटुंबातील एका मुलाला कावीळ झाली, तेव्हा त्याच्या गळ्यात माळ पडली. माळ दिवसेंदिवस लांबू लागली तसा घरच्यांना हर्ष झाला, आणि रक्ततपासणी आठवडाभर लांबली. माळ लांबते कशी? ओल्या काड्यांचे तुकडे दोऱ्यात बांधलेले असतात. काड्या सुकून बारीक होतात, गाठी सैल पडतात. ही माळ खुंटीला टांगली तरी लांबेल. काविळीचे काही प्रकार विश्रांतीनेच बरे होतात, त्याचे श्रेय माळेला जाते. जे प्रकार घातक असतात, त्यांचा दोष नशिबाला.

काही जण म्हणतात, ही खुळे दुसऱ्या धर्मातून आली. हे खोटे आहे. ताईत अरबी, कवच संस्कृत, सेगुला हिब्रू. या व्यवहारात कोणाचेच हात कोरडे नाहीत. दुसरे म्हणतात, श्रद्धेने धीर येतो, तर बिघडले काय? लेकराच्या उशाशी बसून दोरा बांधणाऱ्या आईशी आमचे भांडण नाही. आमचे भांडण आहे त्या दोऱ्याची किंमत ठरवून गुणाची हमी देणाऱ्याशी, आणि त्याला शास्त्राचा मुलामा देणाऱ्या पदवीधराशी. 1954 च्या केंद्रीय कायद्याने ‘जादूई उपाय’ या संज्ञेत ताईत, मंत्र, कवच यांची गणना केली आणि त्यांच्या रोगनिवारक जाहिरातींस मनाई केली. अघोरी प्रथांविरुद्ध महाराष्ट्राने 2013 साली आणि कर्नाटकाने 2017 साली कायदा केला. आम्ही उभे आयुष्य सरकारी सेवेत घालविले. कायदा घराच्या उंबरठ्याशी थांबतो, हे आम्हांस पुरते ठाऊक आहे. उंबरठ्याच्या आत घरातल्या वडीलधाऱ्यांचेच चालते.

म्हणूनच आमचे सांगणे त्यांना आहे. सेगुला असणे हा मान होता आणि त्याबरोबर कर्तव्य होते. ज्या लेकराला आपण गळ्यातला ताईत म्हणतो, त्याच्याशीही आपला असाच न लिहिलेला करार असतो. ताप चढला की त्याला आधी दवाखान्यात न्यावे. दोरा बांधावयाचाच असेल, तर तो परत आल्यावर बांधावा.