मडके कच्चे, की आवा थंड?

जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबाद येथे ९३ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले आणि त्याच्या अध्यक्षपदी फादर फ्रान्सिस दिब्रिटो विराजमान झाले. त्या तीन दिवसांत कितीतरी कॅथलिक कुटुंबांनी आमच्या जिल्ह्याचे नाव प्रथमच आपुलकीने उच्चारले असेल. पुढे २०२३ साली जिल्ह्याचे नाव अधिकृतपणे धाराशिव झाले. २०२४ साली फादर दिब्रिटो आपणांतून गेले. संमेलनाच्या त्या दिवसांत आम्ही गावातील एका लहानशा डी.टी.पी. केंद्रात लग्नपत्रिका आणि पावतीपुस्तके जुळवीत बसलो होतो. दोनच महिन्यांनी टाळेबंदी आली. लग्ने मोजक्या माणसांत उरकू लागली, निमंत्रणे मोबाइलवरून जाऊ लागली आणि टाळेबंदी उठल्यावरही ते काम पूर्वीसारखे परतले नाही. वयाच्या अडतिसाव्या वर्षी, दोन मुले शाळेत शिकत असताना, आम्ही संगणकाची आज्ञावली लिहावयास शिकू लागलो. आजची तरुण मुले याला कोडिंग म्हणतात.

आमची रडकथा सांगावी म्हणून हा लेख लिहीत नाही. त्या धडपडीतून आमचे एक मत बनले आहे, ते वाचकांपुढे ठेवावयाचे आहे. मत असे, की खेड्यापाड्यांतला नवशिका या विद्येत जेथे अडतो तेथे बहुतेक वेळा त्याची बुद्धी अडलेली नसते. त्याच्या भाषेत समजावून देणारे माणूस जवळ नसते, म्हणून तो अडतो. आणि असे माणूस त्याला मिळत नाही, याचा दोष त्याच्याइतकाच, किंबहुना त्याच्याहून अधिक, आपल्यासारख्या शिकल्यासवरल्या समाजाचा आहे.

आमचा आरंभ जाहिरातीने झाला. 'सहा महिन्यांत प्रोग्रामर व्हा, नोकरीची हमी' असे वाचून एका पतसंस्थेचे चाळीस हजारांचे कर्ज काढून आम्ही एका शिकवणीची फी भरली. शिकवणी मोबाइलवर, तीही अस्खलित इंग्रजीत आणि भरधाव. शिक्षक वाईट नव्हते; परंतु समोर कोण बसले आहे हे त्यांस दिसतच नव्हते. 'हमी' या शब्दाखाली बारीक अक्षरांत किती अटी होत्या, हे कर्जाचे हप्ते सुरू झाल्यावर कळले. अशा शब्दाच्या भरवशावर माणसाला कर्ज काढावयास लावणे हा व्यापार असेल, पण त्याला शिक्षण म्हणू नये.

तिसऱ्या आठवड्यात आम्ही एका ओळीपाशी अडलो. 'एक्स बरोबर एक्स अधिक एक.' शाळेत गणिताच्या गुरुजींनी शिकविले होते, की बरोबरच्या चिन्हाच्या दोन्ही बाजू सारख्या असतात. मग कोणतीही संख्या स्वतःहून एकाने मोठी कशी असेल? विचारले, तर उत्तर आले, 'इट्स जस्ट असाइनमेंट.' या उत्तराने आमच्या डोक्यात काडीचाही उजेड पडला नाही. अकरा दिवस आम्ही त्या ओळीशी झगडत होतो. बाराव्या दिवशी पत्नीला म्हणालो, 'आपले डोके या कामाचे नाही.' वाचकहो, कर्ज काढून शिकणाऱ्या गृहस्थाने हे वाक्य स्वतःच्या घरात उच्चारणे काय असते, हे आम्हांस येथे विस्ताराने सांगवत नाही.

दिवाळीच्या सुट्टीत आमच्या गल्लीतील एक मुलगी घरी आली. ती पुण्यात याच क्षेत्रात नोकरी करते. आमची वही पाहून ती म्हणाली, 'काका, बँकेचे पासबुक आणा.' पासबुक उघडून तिने बोट ठेवले. 'ही मागची बाकी. तीत आजची जमा मिळवा. झाली नवी बाकी. नाव तेच, आकडा नवा. संगणक उजवीकडची बेरीज आधी करतो आणि ती डावीकडच्या डब्यात ठेवतो. ते चिन्ह "बरोबर" असे वाचूच नका, "ठेव" असे वाचा.' एवढे सांगावयास तिला चार मिनिटे लागली. आमचे डोके तेच होते. बदलले होते केवळ समजावणारे माणूस.

मग तिने आणखी एक गंमत दाखविली. पायथन या संगणक-भाषेत आपण ठेवावयाची नावे थेट देवनागरीत लिहिता येतात. २००८ साली आलेल्या तिच्या तिसऱ्या आवृत्तीपासून ही सोय आहे. आम्ही 'बाकी' आणि 'जमा' हे दोन शब्द मराठीत लिहिले आणि आज्ञावली चालली! वापरणाऱ्याने देवनागरी अंकांत भरलेला आकडाही योग्य आज्ञा दिल्यास ती संख्या म्हणून स्वीकारते. चाळीस हजारांच्या शिकवणीत हे कोणी सांगितले नव्हते.

आता आक्षेपांकडे वळू. पहिला आक्षेप ठरलेला आहे: 'संगणकाची भाषाच इंग्रजी, तेथे मराठीचे कौतुक कशाला?' या आक्षेपाची आकड्यांनी तपासणी करावी. पायथनमध्ये राखीव शब्द किती? अवघे ३५. जर, नाहीतर, जोवर, आणि, किंवा अशा अर्थांचे हे शब्द दहावी झालेला कोणताही मुलगा आठवड्यात पाठ करील. अडचण त्या ३५ शब्दांची नाही. त्यांच्याभोवती स्पष्टीकरणाचे जे हजारो इंग्रजी शब्द उभे असतात, त्यांची आहे.

उमरग्याच्या रस्त्यावर ट्रॅक्टर दुरुस्त करणारा मिस्त्री पाहा. क्लचप्लेट, गिअरबॉक्स, पिस्टन, नोझल हे सगळे शब्द इंग्रजी आहेत आणि ते त्याच्या जिभेवर आहेत. परंतु क्लच दाबला की इंजिनाचा आणि गिअरचा संबंध तुटतो, हे त्याच्या उस्तादाने त्याला मराठीतच, हातात पाना देऊन शिकविले. त्याला आधी इंग्रजीची परीक्षा द्या असे कोणी म्हटले असते, तर अर्ध्या मराठवाड्याचे ट्रॅक्टर बांधावर उभे राहिले असते. नावे परकी चालतात. उमज स्वतःच्या भाषेत पडावी लागते.

ही रीत आपल्याला तरी नवी वाटू नये. फादर थॉमस स्टीफन्स जन्माने इंग्रज. ते १५७९ साली गोव्यात आले. आधी लॅटिन शिका, मग सांगतो, असे त्यांनी लोकांस म्हटले नाही. ते स्वतः येथली भाषा शिकले आणि १६१६ साली राचोल येथे त्यांचे ख्रिस्तपुराण छापले गेले. छापील अक्षरे रोमन होती, पण भाषा मराठी होती. परक्या चिन्हांतून आपल्या भाषेत अर्थ पोहोचविता येतो, याचा चारशे वर्षांपूर्वीचा दाखला आपल्याच घरात असताना आपण मात्र इंग्रजी माध्यम म्हणजे बुद्धी आणि मराठी माध्यम म्हणजे तिचा अभाव, असे समीकरण मुलांपुढे मांडीत असतो. इंग्रजी शिकू नये असे आमचे म्हणणे मुळीच नाही. पुढे मोठे ग्रंथ वाचण्यास आणि नोकरीच्या मुलाखतीस ती लागेलच, आणि आम्हीही ती रोज अर्धा तास शिकत आहोत. परंतु इंग्रजीला वेशीवरचा जकातनाका करू नये.

दुसरा आक्षेप असा, की मराठीत साधने कोठे आहेत? आहेत. मुंबईच्या आय.आय.टी.च्या स्पोकन ट्युटोरियल या प्रकल्पाने संगणकाच्या मुक्त प्रणालींवरील छोटे दृक्‌श्राव्य पाठ मराठीसह अनेक भारतीय भाषांत विनामूल्य ठेवले आहेत. या शतकाच्या आरंभी महाराष्ट्र ज्ञान महामंडळाच्या एम.एस.-सी.आय.टी. या अभ्यासक्रमाने तालुक्याच्या गावीही मराठीतून संगणक वापरावयास शिकविले. २०२१ साली अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने अभियांत्रिकीची पदवी मराठीतून देण्याचा मार्ग मोकळा केला. साधने आहेत, पण ती घेऊन शेजारी बसणारे माणूस नाही. चुकीचा संदेश पडद्यावर आला की नवशिका घाबरून पडदाच बंद करतो. पायथनचा तो संदेश खालून वर वाचावा, नेमकी चूक काय ते शेवटच्या ओळीत असते, एवढे सांगणारा कोणी असला तरी महिन्याचा मनस्ताप वाचतो. आमच्यासारख्या अक्षरजुळणीवाल्याला ओळ आत घेणे म्हणजे पानाची शोभा. पायथनमध्ये मात्र तो समास व्याकरणाचा भाग आहे आणि तो चुकला की आज्ञावली चालत नाही. हे आम्ही सोळा वेळा चुकून शिकलो. कोणी एकदा सांगितले असते तर?

तिसरा आक्षेप नवा आणि अधिक गंभीर आहे. 'आता कृत्रिम बुद्धिमत्ताच आज्ञावली लिहिते. मग माणसाने कशाला शिकावे?' नवशिक्यांस जागा मिळणे अवघड झाले आहे, हे आम्ही नाकारीत नाही. याच कारणाने सहा महिन्यांच्या हमीला आम्ही फसवणूक म्हणतो. परंतु उद्या एखाद्या आडत दुकानात यंत्राने लिहिलेली आज्ञावली सोयाबीनची पट्टी करू लागली आणि ओलाव्याची कपात तिने दोनदा धरली, तर ते कोण ओळखणार? ज्याला सोयाबीनही कळते आणि ती आज्ञावलीही वाचता येते, तोच. अशी माणसे धाराशिव जिल्ह्यात तयार झाली नाहीत, तर आमच्या शेतकऱ्याचा हिशेब त्याला न समजणारे यंत्र करील आणि तो मुकाट्याने अंगठा देईल. साक्षरतेचा प्रश्न पूर्वी सावकाराच्या वहीपाशी उभा होता, तो आता पडद्यापाशी उभा आहे.

आमच्या जिल्ह्यातील तेर हे गोरोबाकाकांचे, म्हणजे संत गोरा कुंभारांचे गाव. त्यांची आख्यायिका सर्वांस ठाऊक आहे. संतांच्या मेळ्यात मुक्ताबाईने मडकी पारखावयास सांगितली, गोरोबांनी एकेकाचे डोके थापटले आणि नामदेव हे कच्चे मडके ठरले. आपण कथा येथेच थांबवितो आणि थापटणे तेवढे उचलतो. मुलाखतीत थापटतो, गुणपत्रिकेवरून थापटतो, इंग्रजी उच्चारावरून थापटतो. परंतु आख्यायिका पुढेही आहे. कच्चे ठरलेले नामदेव औंढ्या नागनाथास गेले आणि तेथे त्यांस विसोबा खेचर गुरू भेटले. कच्चे मडके कोणी फेकले नाही. त्याला आच मिळाली. कुंभाराच्या आव्यातच जाळ नसेल, तर मडके कच्चे राहिले म्हणून मडक्याला शिव्या देण्यात काय अर्थ आहे?

आता ज्यांच्यासाठी हे लिहीत आहोत त्यांच्याशी थोडे रोखठोक बोलतो. शिक्षणात आपला समाज पुढे आहे, याचा आपण अभिमान बाळगतो. आपल्या शाळांत संगणक कक्ष आहेत. शाळा सुटली की त्यांतील बहुतेकांस कुलूप लागते आणि दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत यंत्रांवर धूळ बसते. आपल्या कुटुंबांतील मुले-मुली पुण्यामुंबईच्या कंपन्यांत याच विद्येवर पोट भरतात. सणाला घरी येतात, भेटीगाठी घेतात आणि परत जातात. खोली आहे, यंत्रे आहेत, जाणकार आहेत आणि शिकू पाहणारे तर गल्लोगल्ली आहेत. या चौघांची गाठ घालून देण्यास कोणते मोठे अनुदान लागते? आठवड्यातून दोन संध्याकाळी दार उघडावे, मराठीत बोलावे, जातधर्म न विचारता शेजाऱ्यालाही आत घ्यावे आणि तीन महिन्यांनी 'नोकरी लागली का?' असे विचारून कोणाचे पाणउतारे करू नयेत. कर्ज काढून फी भरावयास निघालेल्या तरुणाचा करार कोणा जाणत्याने आधी वाचून द्यावा. इतके झाले तरी पुष्कळ झाले.

आमचे म्हणाल, तर आम्हांस अजून नोकरी नाही. एका डाळमिलच्या आवकजावकीची लहानशी आज्ञावली आम्ही लिहून दिली, तिचे पैसे मिळाले आणि कर्जाचे दोन हप्ते त्यातून फिटले. उरलेले हप्ते चालू आहेत. आम्ही अद्याप पुरते भाजलेलो नाही, हे आम्हांस ठाऊक आहे. पण ती मुलगी दिवाळीला घरी आली नसती, तर आम्ही स्वतःला कायमचे मठ्ठ समजून उठलो असतो. असे किती जण उठून गेले असतील, याची मोजदाद कोणी ठेवीत नाही.

येत्या रविवारी आपल्या शाळेच्या संगणक कक्षाची किल्ली कोणाकडे असते, एवढे विचारून पाहावे.