‘शिखर मागणी’ नावाची सबब

१/ डिस्ट्रिक्ट हीटिंग, म्हणजे एका केंद्रातून नळांवाटे शहरभर उष्णता पुरवण्याची व्यवस्था. तिच्याविषयी एक विधान वारंवार केले जाते: एरवी स्वच्छ ऊर्जा ठीक, पण कडाक्याच्या थंडीत सारे शहर एकदम उष्णता मागते, तेव्हा कोळसा, तेल वा वायू जाळण्यावाचून गत्यंतर नाही. इतिहास या विधानाला दुजोरा देत नाही.

२/ १८७७ साली बर्डसिल हॉली यांनी अमेरिकेतील लॉकपोर्ट येथे एका बॉयलरमधून अनेक इमारतींना वाफ पुरवली. वाफ साठवणे अवघड. म्हणून मागणी वाढली की आग वाढवायची, हाच शिरस्ता पडला. पुढे बहुतेक जाळ्यांत वाफेऐवजी गरम पाणी आले. पाणी साठवता येते. तंत्र बदलले, सबब मात्र तीच राहिली.

३/ १९७३च्या तेलसंकटाच्या वेळी डेन्मार्कची सुमारे ९० टक्के ऊर्जा तेलातून येत होती. त्या देशाने १९७९ साली उष्णता-पुरवठ्याचा कायदा केला आणि नियोजनाची जबाबदारी नगरपालिकांवर सोपवली. म्हणजे बदलाची सुरुवात नव्या यंत्राने नव्हे, कायद्याने झाली.

४/ त्याच देशातील एरो बेटावर मार्स्टाल हे छोटे गाव आहे. तेथे ७५,००० घनमीटर पाण्याचा झाकलेला खड्डा आहे. उन्हाळ्यातील सूर्याची उष्णता त्यात साठते आणि थंडीत घरांना मिळते.

५/ हेलसिंकीत मुस्तिक्कामा येथील भूमिगत गुहांत एकेकाळी तेल साठवले जाई. आज तेथे सुमारे २,६०,००० घनमीटर पाणी आहे. या साठ्यातून १२० मेगावॉट उष्णता सुमारे चार दिवस सलग मिळू शकते.

६/ थंडीची लाट चार दिवसांहून लांबली तर? प्रश्न रास्त आहे. पण त्याचे उत्तर घरांचे उष्णतारोधन, उष्मा-पंप, आणखी साठे हे आहे. क्वचित लागणारा राखीव बॉयलर वेगळा आणि त्याच्या नावाखाली अवघी व्यवस्था जीवाश्म इंधनावर बांधून ठेवणे वेगळे.

७/ हेलसिंकीने २०२५ साली कोळशाचे शेवटचे केंद्र बंद केले. पण कोळशाची जागा जिथे लाकडाने घेतली, तिथे जाळणे थांबलेले नाही. तोडलेले झाड पुन्हा वाढायला दशके लागतात. धूर मात्र आजच निघतो.

८/ पावसाळ्यापूर्वी बेगमी करणाऱ्या समाजाला हे वेगळे सांगायला नको. शिखर मागणी ही आकस्मिक आपत्ती नव्हे. हिवाळा दरवर्षी येतो. तहान लागल्यावर विहीर खोदणाऱ्याने पाण्याला दोष देऊ नये.