आख्यायिका आणि उस्ताद

पहिलवान आणि गवई यांच्या नशिबी एक गोष्ट सारखीच लिहिलेली असते. हयातीत बिदागी बेताची आणि मृत्यूनंतर आख्यायिका भरमसाट! संस्थानी काळात दोघांचा तनखा एकाच खजिन्यातून निघे. शाहू छत्रपतींच्या कोल्हापुरात अल्लादियाखाँसाहेबांचे गाणे आणि १९१२ साली उभे राहिलेले खासबाग मैदान यांवर एकाच राजाश्रयाची छाया होती. मी दरबारी गवयाचा मुलगा आणि धारवाडातला गाणे शिकवणारा. त्यामुळे दोन्हीकडच्या कथा कानांवरून गेल्या आहेत. इकडे तालमीला गरडी म्हणतात. नाव बदलले तरी कथा त्याच.

उदाहरण गामाचे घेऊ. बडोद्याच्या संग्रहालयात एक दगड आहे. २३ डिसेंबर १९०२ रोजी गामाने तो उचलला असे त्यावर कोरले असून, वजन १२०० किलो सांगितले जाते. २०१६ साली एडी हॉल या इंग्रज बलदंडाने सळईला लावलेले ५०० किलो वजन जमिनीवरून मांड्यांपर्यंत उचलले, तेव्हा जग थक्क झाले. मग त्याच्या दुपटीहून जड, धरायला मूठही नसलेला दगड छातीशी घेऊन गामा चालला, ही कथा कशी मानावी? दगड खरा, गामा खरा, त्या दिवशी काही असामान्य घडले हेही मानू. पण दगडाची एक कड उचलणे, दगड उलथणे आणि तो छातीशी घेऊन चालणे हे तीन निरनिराळे पराक्रम आहेत. आणि तोंडी परंपरेत पहिल्याचे तिसरे व्हायला एक पिढी पुरते.

कथा फुगते, याचे मला फारसे वाईट वाटत नाही. वाईट याचे वाटते की तिच्याखाली खरा पराक्रम झाकला जातो. १० सप्टेंबर १९१० रोजी लंडनमध्ये झिबिस्को हा पोलिश मल्ल दोन तासांहून अधिक काळ गादीला चिकटून राहिला आणि कुस्ती बरोबरीत सुटली. आठवड्याने ठरलेल्या कुस्तीला तो फिरकलाच नाही. पुढे १९२८ साली पतियाळात गामाने त्याला मिनिटाच्या आत चीत केले, तेव्हा गामा पन्नाशीच्या घरात होता. मधली अठरा वर्षे त्याने अंगातली मेहनत कशी राखली असेल? त्या दगडाहून हे मला अधिक अद्भुत वाटते.

खाशाबा जाधवांचेही तेच. १९५२ साली हेलसिंकीत त्यांनी स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळवले. स्वागताच्या मिरवणुकीत बैलगाड्या १०१ होत्या की १५१, यावर गप्पा रंगतात. पण मातीत घडलेला हा मल्ल १९४८ साली लंडनमध्ये गादीवर उतरला, सहावा आला आणि चार वर्षांत कांस्यपदकापर्यंत पोहोचला. त्या चार वर्षांत त्याने काय बदलले, हे कोण विचारतो?

शिकणाऱ्याचे नुकसान इथेच होते. गुरू देवमाणूस ठरला की शिष्य मोकळा सुटतो: ते दैवी, आपण माणसे! दुसरा कोणी रोजच्या ५००० बैठका आणि ३००० दंडांची कथा शब्दशः धरतो आणि गुडघे गमावून बसतो. गाण्यात अहोरात्र रियाजाच्या कथांनी कोवळे गळे असेच बसतात. शिकणाऱ्याला उस्ताद हवा असतो तो माणूस म्हणून. कोणत्या वयात काय केले, कुठे अडला, कसा सुटला, हे सांगणारा.

आपल्या जुन्या घराण्यांच्या माळ्यांवर कुस्तीच्या मैदानांच्या जाहिराती, इनामांच्या पावत्या, उस्तादांची पत्रे, पिवळी पडलेली छायाचित्रे असतील. ती वाळवीच्या स्वाधीन करू नका. छायाचित्रामागे नाव, गाव, साल लिहा. आजोबांनी सांगितलेली कथाही अवश्य लिहा, कारण लोकांनी एखाद्यावर किती प्रेम केले हे तीच सांगते. फक्त तिच्या आरंभी ‘असे सांगतात’ हे दोन शब्द राहू द्या.