कव्हर मोजा, मगच बिल काढा

पणजीचा मांडवी पूल ५ जुलै १९८६ रोजी कोसळला तेव्हा तो जेमतेम १६ वर्षांचा होता. काँक्रीटच्या पोटातल्या ताणलेल्या पोलादी केबल गंजत गेल्या होत्या. पणजीकरांना पुन्हा फेरीबोटीत बसावे लागले. ठाण्याच्या खाडीवरल्या वाशी पुलालाही हीच व्याधी जडली आणि शेजारी दुसरा पूल बांधावा लागला.

हवा खारी, त्यामुळे लोखंड गंजणारच, अशी समजूत आपल्याकडे रूढ आहे. ठेकेदारांना ती सोयीची आहे. वास्तविक सिमेंटमुळे काँक्रीटच्या आत सामू १२च्या वर राहतो आणि सळईवर गंज रोखणारा अतिसूक्ष्म पापुद्रा टिकतो. कार्बन डायऑक्साइड हळूहळू आत शिरून हा सामू उतरवतो. मिठातले क्लोराइड तर सामू शाबूत असतानाही पापुद्रा फोडते. मग गंज मूळ लोखंडाच्या कितीतरी पट जागा मागतो आणि काँक्रीटचे पोपडे सुटतात.

म्हणून महत्त्व कव्हरला, म्हणजे सळईवरच्या काँक्रीटच्या जाडीला. समुद्राचे तुषार झेलणाऱ्या बांधकामाला भारतीय मानक ४५६ किमान ५० मिलिमीटर कव्हर सांगते. क्षार झिरपायला लागणारा वेळ ढोबळमानाने या जाडीच्या वर्गाप्रमाणे वाढतो. ५०चे २५ झाले की तो थेट चौथाईवर येतो! आणि २५ व्हायला फारसे काही लागत नाही. कव्हर ब्लॉकऐवजी खडीचा तुकडा सरकवला, ओतकामात कुणी सळयांवरून चालले, की झाले. जादा पाण्याने पातळ केलेला माल आणि दोन दिवसांत आटोपलेले पाणी मारणे उरलेली कसर भरून काढतात.

ताणलेल्या केबलींचे दुखणे अधिक कपटी. केबलभोवतीच्या नळीत ग्राऊट, म्हणजे सिमेंटचे पातळ मिश्रण, नीट भरले नाही तर आत पाणी साचते, आणि केबल तुटेपर्यंत बाहेर तडाही दिसेलच असे नाही. खालून मान वर करून केलेल्या पाहणीचा तिथे काय उपयोग?

स्लॅग किंवा फ्लाय अ‍ॅश घातलेले घट्ट काँक्रीट क्षारांना चांगले अडवते. नुसते पोपडे काढून गिलावा केला, तर मागे राहिलेल्या क्षारांमुळे दुरुस्तीच्या कडेलाच नवा गंज धरतो.

किनारी जिल्ह्यांत सार्वजनिक बांधकामाचे अंतिम बिल निघण्यापूर्वी कव्हर मीटरने मोजणी व्हावी, आकडे जाहीर व्हावेत आणि कमी भरलेल्या जागेचा खर्च ठेकेदाराने सोसावा. हे उपकरण हातात मावते; निविदेत त्याची अट घालायला नवा कायदा लागत नाही.