साडेपाच पोत्यांचा हिशेब

एप्रिल २०१६. मिरजेहून पाणी घेऊन निघालेली रेल्वे लातूरला पोहोचली. तुम्ही तेव्हा शाळेत असाल. पहिल्या फेरीत होतं ५ लाख लिटर पाणी. टीव्हीवर केवढं कौतुक!

आता एक साधा भागाकार करा. ऊस लावण्यापासून एक किलो साखर हातात येईपर्यंत, जगाच्या सरासरीनं, सुमारे १,८०० लिटर पाणी लागतं. मग त्या अख्ख्या गाडीतल्या पाण्यात साखर किती? जेमतेम २७८ किलो. पन्नास किलोची साडेपाच पोती. बस्स!

या हिशेबाला ‘वॉटर फूटप्रिंट’ म्हणतात. आर्यन हूकस्ट्रा या डच अभ्यासकानं २००२ मध्ये तो मांडला. त्यात तीन खाती असतात. मातीत मुरलेलं पावसाचं पाणी हिरवं. धरण, नदी, बोअरमधून उपसलेलं निळं. आणि आपण नासवलेलं पाणी सुसह्य करायला लागतं ते करडं. १,८०० लिटरमध्ये ही तिन्ही आली. भरपूर पावसाच्या मुलखात ऊस बराचसा हिरव्यावर वाढतो, मराठवाड्यात मात्र त्याला निळं पाणी पाजावं लागतं. म्हणून नुसता एकूण आकडा पुरत नाही, कुठलं पाणी आणि कुठल्या गावचं, हेही विचारावं लागतं.

केंद्राच्या कृषी खर्च व मूल्य आयोगानंच सांगितलंय की, राज्यातल्या जेमतेम ४ टक्के क्षेत्रावरचा ऊस सिंचनाचं जवळपास ७० टक्के पाणी पितो. यात शेतकऱ्याला व्हिलन करू नका. उसाला ठरलेला भाव आहे, उचलायला कारखाना आहे. तुरीला, ज्वारीला तशी हमी द्या, मग बोला!

हे जमतं का? अहिल्यानगर जिल्ह्यातलं हिवरे बाजार बघा. तिथं पाऊस मोजून दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडतात. आधी पिण्याचं, मग पिकांचं. उसाला बंदी. हा निर्णय ग्रामसभेत होतो. मग तालुक्याचा, धरणाचा ताळेबंद का नको? कारखान्याला परवाना देण्याआधी तो का बघू नये?

ब्रश करताना नळ बंद ठेवाच. पण तेवढ्यानं लातूरची तहान भागत नाही. अठरा पूर्ण झालीत आणि गावच्या मतदार यादीत नाव आहे? मग तुम्ही ग्रामसभेचे सदस्य आहात. पुढच्या सभेला जा आणि एकच विचारा: आपल्या गावचं निळं पाणी किती, आणि ते जातं कुठं?