शिधापत्रिकेचा रंग आणि रुग्णाचा हक्क

रुग्णाची नाडी पाहण्याआधी त्याच्या शिधापत्रिकेचा रंग पाहावा, अशी रीत आपल्या राज्यात वर्षानुवर्षे चालली. २ जुलै २०१२ रोजी आठ जिल्ह्यांत सुरू झालेली राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना पुढे राज्यभर पोहोचली व २०१७ मध्ये तिला महात्मा जोतिराव फुले यांचे नाव लाभले. परंतु तिचा लाभ मुख्यतः पिवळ्या व केशरी शिधापत्रिकांपुरताच राहिला. केशरीची मर्यादा वार्षिक एक लाख रुपये, म्हणजे महिन्याकाठी सुमारे ८,३०० रुपये. त्याहून शंभर रुपये अधिक मिळवणारा शासनदरबारी सुखवस्तू ठरला! २८ जुलै २०२३ च्या निर्णयाने ही भिंत पाडली. सर्व शिधापत्रिकाधारक कुटुंबे पात्र ठरली आणि दीड लाखाचे संरक्षण पाच लाखांवर गेले. या निर्णयाचे आम्ही निःसंकोच स्वागत करतो.

आपल्यातीलच काही सुस्थित मंडळी मात्र यावर नाक मुरडतात. ‘फुकटाची सवय लागेल’, हा त्यांचा ठरलेला आक्षेप. आम्ही विचारतो, हृदयाची शस्त्रक्रिया कोणी हौसेने करून घेतो काय? ‘खऱ्या गरिबालाच द्या’, असेही म्हटले जाते. पण आजारपण हाच गरिबीकडे नेणारा उतार आहे. काल शेताचा तुकडा बाळगणारे कुटुंब कर्करोगाच्या एका वर्षात तो विकून बसते. त्याच्या शिधापत्रिकेचा रंग मात्र पांढराच राहतो. पैसे नाहीत म्हणून कोणी उपचारांवाचून राहू नये, हे तत्त्व भोर समितीने १९४६ मध्येच मांडले. पोप जॉन तेविसावे यांनी १९६३ च्या ‘पाचेम इन तेरिस’ या परिपत्रकात अन्न, वस्त्र, निवारा यांच्याच पंक्तीत वैद्यकीय सेवेला मानवी हक्क म्हणून स्थान दिले. हक्काला भीक म्हणणे आपल्याला शोभत नाही.

तथापि शासनानेही स्वतःची पाठ थोपटून घेऊ नये. योजनेचा भर आहे तो अंगीकृत रुग्णालयात दाखल होऊन घ्यावयाच्या ठरावीक उपचारांवर. रक्तदाबाची रोजची गोळी, मधुमेहाची तपासणी, बाह्यरुग्ण विभागातील खर्च तिच्या कक्षेत येत नाही. १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत सेवा निःशुल्क झाली हे खरे; पण महानगरपालिकांची रुग्णालये त्या निर्णयाबाहेर राहिली. शिवाय औषध शिल्लक नसले की ‘बाहेरून आणा’ अशी चिठ्ठी हाती पडते, आणि मोलमजुरी करणारी बाई ती चिठ्ठी पदराला बांधून घरी परतते. पक्षाघात होईपर्यंत थांबा, मग आम्ही लाखो रुपये देऊ, असाच या व्यवस्थेचा अर्थ नव्हे काय?

पात्रता वाढली, आता उपचारांची व्याप्ती वाढवा, ही आमची मागणी आहे. बाह्यरुग्ण सेवा व नित्याची औषधे योजनेत आणा. धर्मादाय रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत व १० टक्के दुर्बलांसाठी सवलतीत राखाव्यात, हा नियम दर्शनी फलकावर नव्हे, प्रवेशाच्या खिडकीवर दिसू द्या. ख्रिस्ती संस्थांची रुग्णालये त्याला अपवाद नाहीत. आणि प्रत्येक धर्मग्रामात शिकलेल्या तरुणांनी शेजारच्या निरक्षर कुटुंबाची कागदपत्रे आजार येण्यापूर्वीच पूर्ण करून द्यावीत. अतिदक्षता विभागाच्या दारात उभे राहून दाखले गोळा करण्याची वेळ कोणावरही येऊ नये.