मुंबईच्या मृतांचा चित्रकार

विवान सुंदरम २९ मार्च २०२३ रोजी दिल्लीत कालवश झाले. बडोदा आणि लंडनमध्ये शिकलेले चित्रकार, अमृता शेरगिल यांचे भाचे, रंगकर्मी सफदर हाश्मींच्या हत्येनंतर १९८९ मध्ये उभ्या राहिलेल्या ‘सहमत’ या कलावंतांच्या संघटनेच्या संस्थापकांपैकी एक. कसौलीच्या घरी १९७६ पासून त्यांनी कलावंतांची शिबिरे भरवली. चित्रकारांच्या पंगतीला तिथे नाटकवाले आणि अभ्यासकही असत. त्यांच्या स्मृतिदिनी मुंबईने मात्र स्वतःच्याच दोन आठवणी काढायला हव्यात.

जानेवारी १९९३. मुंबईच्या दंगलीत रस्त्यावर मरून पडलेल्या एका माणसाचे होशी जाल यांनी टिपलेले छायाचित्र वर्तमानपत्रात आले. दुसऱ्या दिवशी ते रद्दीत गेले असते. सुंदरम यांनी ते उचलले. आखाती युद्धाच्या वेळी, १९९१ मध्येच, त्यांनी कागदावर कोळसा आणि इंजिन ऑइल वापरायला घेतले होते; रंग आणि कॅनव्हास त्यांना अपुरे वाटू लागले होते. आता त्या छायाचित्रावर खिळे आले, भोवती काचेच्या पेट्या आल्या, पत्र्याच्या ट्रंकांची कमान उभी राहिली. पोटासाठी या शहरात उतरणाऱ्यांच्या हातात असते तीच ट्रंक. ‘मेमोरियल’ नावाच्या या मांडणशिल्पाने एका बेवारस देहाला राष्ट्रपुरुषाच्या समाधीचा मान दिला. असे धैर्य त्या काळात फार थोड्यांनी दाखवले.

पुढे २०१७ मध्ये, छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाच्या कुमारस्वामी सभागृहात, चित्रपट-अभ्यासक आशिष राजाध्यक्ष आदींना सोबत घेऊन त्यांनी ब्रिटिश भारतीय नौदलातल्या नाविकांचे मुंबईतले १९४६ चे बंड मांडले. जहाजाच्या पोटासारख्या धातूच्या रचनेत बसून प्रेक्षक त्या दिवसांचे आवाज ऐकत. ‘तलवार’ या नौदल तळावर १८ फेब्रुवारीला नाविकांनी निकृष्ट अन्न नाकारले, आणि चार दिवसांत गिरण्यांतले कामगार त्यांच्या पाठिंब्यासाठी रस्त्यावर आले. गोळीबारात दोनशेहून अधिक माणसे मेली. काँग्रेस आणि मुस्लिम लीग, दोघांच्याही नेत्यांनी नाविकांना शरण जायला सांगितले. म्हणूनच ही माणसे कुणाच्याच हुतात्म्यांत धड बसली नाहीत.

या दोन्ही कलाकृती मुंबईत पुन्हा, एकत्र मांडल्या जायला हव्यात. राज्य शासनाने आणि शहरातल्या संग्रहालयांनी त्यासाठी पुढाकार घ्यावा, जे. जे. कला महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांना आणि लालबाग-परळमधल्या कामगारांच्या नातवंडांना तिथे मुद्दाम बोलवावे.